पक्ष्यांसाठी पाळलेली अळी

कोठारातील धान्यात अळी दिसली की व्यापाऱ्याचा जीव खालीवर होतो. इंग्लंडमध्ये मात्र धान्यात होणारी अशीच एक अळी काही घरांत हौसेने वाढवली जाते, आणि तीही पक्ष्यांवरील मायेपोटी. तिचे नाव मीलवर्म. टेनेब्रिओ मोलिटर नावाच्या काळ्या भुंगेऱ्याची ही अळी होय.

गुळगुळीत बाजूंच्या डब्यात गव्हाचा कोंडा पसरावयाचा, ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची चकती ठेवावयाची. (ज्या घरात कंदमूळच येत नाही, तेथे सफरचंदाची फोडही चालते.) पंचवीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली की एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. अळी इंचभर वाढते, कोषात जाते आणि भुंगेरा होऊन बाहेर पडते. भांडवल एकदाच घालावयाचे आणि वाढ चक्रवाढीने. हिशेबी मनाला भुरळ पडावी असाच हा व्यवहार.

या अळ्या रॉबिन आणि ब्लॅकबर्ड आवडीने खातात. पिल्लांच्या दिवसांत वाळवलेल्या अळ्या भिजवूनच घालाव्यात असे सांगतात, कारण घरट्यातील पिल्लांना पाणी मिळते ते अन्नातूनच.

लेस्टरच्या जैन मंदिराची प्रतिष्ठा 1988 साली झाली. त्या गावातील एखाद्या जैन घरात नातू शाळेतून असा डबा घेऊन आला, तर भारतातून आलेल्या आजीने काय म्हणावे? जीवविचारात धान्यातील अळीची गणना त्रींद्रिय जीवांत आहे. पक्ष्यावर दया आणि अळीवर नाही, हा हिशेब जुळत नाही. ‘पक्षी एरवीही किडेच खातो ना?’ असे नातू विचारील. त्याचे म्हणणे खरे आहे. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. रॉबिनला त्याबद्दल कोणी दोष देणार नाही. परंतु त्याने आपले भक्ष्य शोधणे वेगळे आणि माणसाने मृत्यूसाठीच जीव वाढवणे वेगळे. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालयाने अशीच एक मर्यादा आखली आहे. तेथे मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, मात्र त्यांना दाखल करून घेत नाहीत.

मग द्यावे काय? ब्लॅकबर्डला पिकलेल्या सफरचंदाचे अर्धुक आणि भिजवलेले बेदाणे चालतात. रॉबिन किसलेले सौम्य चीजही टिपतो. मात्र त्यात प्राणिज रेनेट नाही याची खात्री करून घ्यावी. उथळ भांड्यात पाणी असावे. बागेत कीटकनाशक मारू नये, कुंपणाखालील पालापाचोळा झाडून काढू नये. पिल्लांना लागणारे अन्न पक्षी तेथून स्वतःच शोधतील.

घरात येऊन पडलेल्या डब्याचा प्रश्न मात्र उरतोच. शाळेला परत करावा, तर त्या अळ्या अखेर पक्ष्यांच्याच वाटीत जाणार. ठेवून घ्यावा, तर दर पिढीला संख्या वाढणार. बाहेर सोडाव्यात, तर त्या उघड्यावर कितपत तगणार? तूर्त आजीने नातवाकडून कोंडा तेवढा बदलून घ्यावा, हलक्या हाताने, एकही अळी न चेंगरता.