जागे आहात, की नुसतेच ऑनलाइन?

मंडळी, एक साधा प्रश्न. काल रात्री किती वाजता झोपलात? बारा? दीड? की ‘फक्त एक एपिसोड’ म्हणता म्हणता पावणेतीन? अशा माणसाला कुणी महाशिवरात्रीच्या जागरणाचं महत्त्व सांगायला आलं, तर हसूच येणार. ‘वर्षातून एकदा जागायचं? बॉस, आम्ही तर रोजच जागतो!’

माझी तर अडीच वर्षं अमेरिकन शिफ्टमध्ये गेली. पहाटे तीनचा मशीनचा चहा, कॅबमध्ये माना टाकून पेंगणारी टीम, जाड पडदे लावून दुपारची केलेली रात्र. पण गंमत बघा, त्या अडीच वर्षांत मी रात्र-रात्र जागी होते आणि रात्र एकदाही पाहिली नाही. डोळे उघडे होते, पण ते स्क्रीनकडे. डोकं चालू होतं, पण ते क्लायंटसाठी. नेमका इथेच जागणं आणि जागर यांतला फरक सुरू होतो. आणि योगपरंपरेला महाशिवरात्र महत्त्वाची वाटते, ती या फरकासाठी.

आपल्याला माघ वद्य चतुर्दशी आठवते ती खिचडी, रताळ्याचा कीस आणि कवठाच्या चटणीमुळे. बेल, धोतऱ्याची पांढरी फुलं, देवळाबाहेरची वळणावळणाची रांग. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरापासून ते अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरापर्यंत सगळीकडे हेच चित्र. हे सगळं छानच आहे. पण दिवसा रांग लावून आपण घरी येतो आणि खरा कार्यक्रम मिस करतो. कारण या सणाच्या नावातच रात्र आहे!

तीही हीच का? मन आणि चंद्र यांचं नातं आपल्याकडे जुनं. पुरुषसूक्तातला चंद्र विराट पुरुषाच्या मनातून जन्मतो. वद्य चतुर्दशीला चंद्र जवळजवळ संपलेला असतो. उरते ती पहाटे उगवणारी बारीकशी कोर. योगी मंडळी याचा अर्थ असा लावतात, की एरवी डोक्यावर बसणारं मन या रात्री सगळ्यात क्षीण असतं, तेव्हा त्याच्याकडे तटस्थपणे बघायची हीच संधी. मग सरळ अमावास्याच का नाही? तर मनाला मारून टाकायचं नाहीये. शंकरानं ती कोर फेकून दिली नाही, जटेत माळली. मन मालक म्हणून नको, दागिना म्हणून चालेल!

आपल्या मराठी मुलखात हा विषय तर घरचाच. नाथपंथाचे पहिले गुरू आदिनाथ, म्हणजे स्वतः शिव. तिथून मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग आपले ज्ञानदेव. १२९० च्या ज्ञानेश्वरीत, अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेवांनी ही परंपरा स्वतः सांगितली आहे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे. म्हणजे तिथं शिवरात्रीला जाणारा माणूस ज्योतिर्लिंगाबरोबर एका योग्याच्याही दाराशी गेलेला असतो.

आता ती व्याधाची गोष्ट. श्रीधरांनी १७१८ मध्ये बारामतीला शिवलीलामृत लिहिलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात ती आहे. आजीकडून ऐकली असेलच. शिकारी दिवसभर उपाशी, हाती काही लागलेलं नाही. रात्री पाणवठ्याजवळच्या बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो. पानं तोडून खाली टाकतो, ती नेमकी झाडाखालच्या शिवलिंगावर पडतात. एकामागून एक हरणं येतात. प्रत्येक जण म्हणतं, ‘घरच्यांना भेटून परत येतो, मग मार.’ तो सोडतो. आणि पहाटे ती खरोखर परत येतात! तोवर व्याधाचा बाण मारायचा मूडच गेलेला असतो.

लहानपणी यातला चमत्कार आवडायचा. आता वेगळंच दिसतं. हा माणूस भक्त नव्हता. त्यानं काही ‘साधना’ ठरवून केली नव्हती. त्यानं फक्त चार प्रहर, म्हणजे साधारण बारा तास, काहीही न मिळवता एका जागी जागून काढले. हात बाणावर होता, पण प्रत्येक वेळी तो थांबला. हवंसं वाटणं आणि झडप घालणं यांच्यामध्ये जरा जागा तयार झाली. योग म्हणजे तरी दुसरं काय हो? आपलंही बोट नोटिफिकेशनवर असंच टपून असतं की!

याच्यामागे पक्कं शास्त्रही आहे. पतंजली चित्ताच्या पाच वृत्ती सांगतात, त्यात झोपसुद्धा एक वृत्तीच. मांडूक्य उपनिषदात अवघे बारा मंत्र आहेत. ते जागृती, स्वप्न आणि गाढ झोप या तीन अवस्था सांगतं आणि मग चौथी, तुरीय. या तिन्ही अवस्था येतात-जातात, ते ज्याला कळतं ते चौथं. काश्मीरमधल्या वसुगुप्तांच्या शिवसूत्रांचं सांगणं असं, की ही चौथी अवस्था बाकीच्या तिन्हींत तेलासारखी मुरवायची. शिवरात्रीचं जागरण हा त्याचा प्रॅक्टिकल तास. शरीर झोप मागतंय, मन स्वप्नांकडे ओढतंय, आणि तुम्ही पाठ ताठ ठेवून दोघांची ओढाताण बघताय. झोपेला हरवायचं नाहीये. बघणारा कोण, हे शोधायचंय.

हे सगळं ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या प्रहरात उत्साह. दुसऱ्यात कंटाळा. तिसऱ्यात, साधारण साडेबारा ते साडेतीन, सगळे बहाणे संपतात. गेल्या वर्षी त्या वेळी मला बाबा आठवले. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते. फॉर्मॅलिटीज झाल्या, बँकेची कामं झाली, पाच दिवसांत मी ऑफिसला. दिवसा मीटिंग, संध्याकाळी ट्रॅफिक, रात्री सीरिज. रडायला स्लॉटच नव्हता. त्या रात्री हातात फोन नव्हता, टीव्ही बंद होता, आणि त्यांचा खाकरून हाक मारायचा आवाज अगदी स्पष्ट आठवला. पुष्कळ वेळ रडले. मग शांत बसून राहिले. साक्षात्कार वगैरे काही नाही. पण चौथ्या प्रहरात जी शांतता होती, ती झोपेच्या गोळीनं येत नाही.

आपण रोज जागतो ते बहुतेक वेळा हे टाळण्यासाठीच, असं मला वाटतं. शिवरात्रीला जागायचं ते त्याला भेटण्यासाठी.

आणि हो, याचा अर्थ रोज रात्री घुबडासारखं बसा असा नाही! गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट बजावलंय: फार खाणाऱ्याला किंवा अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा फार जागणाऱ्याला योग जमत नाही. म्हणजे आपली रोजची पावणेतीनची स्टाइल योगाच्या हिशेबात बसतच नाही. बाकीच्या रात्री नीट झोपलात, तरच या एका रात्रीला अर्थ.

करून बघायचंय?

* सूर्यास्ताला फोन कपाटात. ‘फक्त भजनं लावायला’ हा बहाणाही नको.
* गच्चीवर जा. संध्याकाळच्या आकाशात मृग नक्षत्र आणि जवळच चमचमता व्याध दिसेल. गोष्टीतली सगळी पात्रं वर हजर!
* पाठ ताठ ठेवून बसा. पेंग आली तर उभे राहा, चार पावलं चाला, पण बेडवर टेकू नका.
* प्रत्येक प्रहरात थोडा वेळ जप किंवा नुसता श्वास. उरलेला वेळ काहीही करू नका. हेच सगळ्यात अवघड आहे.
* चार प्रहर झेपत नसतील तर मध्यरात्रीचा निशीथकाळ तरी गाठा. तब्येतीची तक्रार किंवा गोळ्या चालू असतील तर तेवढंच पुरे.
* दुसऱ्या दिवशी सुट्टी टाका. ते जमणार नसेल तर बाइकची किल्ली घरी ठेवा आणि बस पकडा. खिडकीची सीट मिळाली तर खुशाल झोपा. तो प्रहर तुमचा!