फायनल सोडा, पहिली फेरी बघा!

आपल्या जालन्यात टेनिस बॉल म्हणजे क्रिकेटचा बॉल! खरं टेनिस आपण बघतो ते मोबाइलवर, तेही फायनलपुरतं. पण मित्रांनो, एकदा रात्रीची एसटी पकडा आणि पुण्यात बालेवाडीला स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी जा.

फायनलला एकच मॅच. सुरुवातीच्या फेऱ्यांत मात्र शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी मॅच चालू असतात. इकडचा सेट संपला की तिकडे पळायचं. साइड कोर्टवर खेळाडू इतका जवळ असतो, की बुटांची करकर आणि डबल फॉल्टनंतरचं पुटपुटणंही ऐकू येतं.

जानेवारी २०२३ मध्ये साताऱ्याचा मानस धामणे, वय फक्त १५, इथेच एटीपी स्पर्धेत खेळला आणि पहिल्याच फेरीत २-६, ४-६ असा हरला. फक्त फायनलला येणाऱ्यांना तो दिसलाच नाही. २०२४ ची पुण्याची चॅलेंजर मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोनं जिंकली. तेव्हा त्याला ओळखत होतं कोण? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानंच शांघाय मास्टर्स मारली, तीही जागतिक क्रमवारीत २०४ वा असताना!

२०१८ मध्ये पुण्यात आलेली एटीपी २५० स्पर्धा २०२३ नंतर इथे झालेली नाही. आता आहे ती चॅलेंजर. मोठी नावं नाहीत म्हणून आपण तिच्याकडेही पाठ फिरवायची का? नाव मोठं झाल्यावर सेल्फी सगळेच मागतात. ते घडत असताना टाळ्या वाजवायला कुणीतरी हवं ना? मग ते आपणच का नको?