रिपोर्टची फाईल जाड झाली म्हणजे तपासणी झाली?

‘फुल बॉडी चेकअप’ची जाहिरात तुमच्याही मोबाइलवर आली असेल. सत्तर-ऐंशी तपासण्या, रक्त न्यायला माणूस घरी, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर. मग तो रिपोर्ट घेऊन तुम्ही दवाखान्यात येता आणि म्हणता, “डॉक्टर, सगळं केलंय, फक्त बघून सांगा.” माझं म्हणणं असं की सगळं तर सोडाच, अजून सुरुवातही झालेली नाही.

त्या पंधरा-वीस पानांत तुमच्या रक्तातलं बरंच काही असतं. पण तुम्ही तंबाखू खाता का, हे नसतं. कमरेचा घेर नसतो. रक्तदाब बहुतेक वेळा नसतोच. वडील कितव्या वर्षी आणि कशाने गेले, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर कोणती गोळी आणता, यातलं काहीच नसतं. तुम्हाला हार्ट अटॅक, लकवा किंवा किडनीच्या आजाराचा धोका किती, हे ठरवायला मला आधी नेमकं हेच लागतं.

आता जे असतं त्याचा हिशेब करू. बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के जण ज्यात बसतात त्यावरून ठरवलेली असते. म्हणजे निरोगी असूनही ५ टक्के लोक तिच्याबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. ऐंशी केल्यावर काय होत असेल, विचार करा. काही पॅकेजात तर सीए-१२५ सारखा ‘कॅन्सर मार्कर’ही घालून देतात. काही तक्रार नसलेल्या बाईने ही तपासणी करायचं कारण नाही. मासिक पाळीच्या दिवसांत, गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळेसुद्धा ती वाढलेली दिसते. मग सोनोग्राफी, पुन्हा रक्त, आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते ती वेगळीच.

याउलट आशाताई घरी येऊन भरतात तो सीबॅक फॉर्म बघा. तिशीनंतरच्या प्रत्येकासाठी तो आहे. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, घराण्यात बीपी-शुगर-हृदयविकार आहे का, यांना गुण देतात. बेरीज ४ च्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचं. दोन आठवड्यांच्या वर खोकला, तोंडातली न भरणारी जखम, स्तनात गाठ हेही विचारायचं असतं. स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, तेसुद्धा. रक्ताचा थेंब न काढता एवढी माहिती देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

पण हा फॉर्म भरला कसा जातो? दारात उभ्या-उभ्या. नवऱ्याची उत्तरं बायको देते, कंबर नजरेने मोजली जाते. “तंबाखू खाता का?” “नाही बाई!” आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ मिश्री चालू असते. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं, तंबाखू नव्हे. ती भाजून केलेली तंबाखूच असते. तेव्हा प्रश्न “मिश्री लावता का, दिवसातून कितीदा?” असाच हवा. दोष आशाताईंना देऊ नका. त्यांच्या डोक्यावर दहा कामं आणि मोबदला तुटपुंजा. वरून विचारणा होते ती किती फॉर्म भरले याची. किती कमरा टेपने मोजल्या, हे कोणी विचारत नाही.

आम्हा खासगी डॉक्टरांचं चित्र तरी कुठे चांगलं आहे? केसपेपरवर नाव, वय आणि तीन गोळ्या. दहा वर्षं येणाऱ्या पेशंटची फॅमिली हिस्टरी कुठेच लिहिलेली नसते.

बीपीचंच घ्या. जिना चढून आलात, बाहेर चहा घेतला, खुर्चीत टेकता-टेकता पट्टा बांधला, मशीन १५० दाखवतं आणि गोळी सुरू. खरं तर पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत, लघवी तुंबलेली नको. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. दंड जाड असेल आणि पट्टा लहान, तर बीपी खोटंच जास्त येतं. दोनदा मोजल्याशिवाय आणि, फारच जास्त नसेल तर, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय निदान करायचं नाही.

“म्हणजे रक्त तपासायचंच नाही का?” तपासायचं की! तिशीनंतर वर्षातून एकदा शुगर बघावीच. पण माणूस कळल्याशिवाय आकडा कळत नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी घ्या. लोहाच्या कमतरतेने ती खोटी वाढू शकते, सिकलसेलच्या आजारात खोटी कमी दिसू शकते. गडचिरोली-नंदुरबारकडच्या पेशंटला “घरात कोणाला सिकलसेल आहे का?” हे न विचारता त्या आकड्यावर विसंबायचं कसं?

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की आधी तुमची माहिती लिहून घ्यायला सांगा. डॉक्टर घाईत असले तरी सांगा, तो तुमचा हक्क आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, काढा आणि चूर्णाची डबीसुद्धा. आई-वडील, भाऊ-बहिणींना कोणता आजार कितव्या वर्षी झाला, ते घरीच विचारून ठेवा. कमरेला टेप लावून घ्या. पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि बायकांनी ८० ओलांडले असतील, तर तो आकडा केसपेपरवर तुमच्यासमोर लिहून घ्या. मिश्री, गुटखा, दारू जे असेल ते खरं सांगा. सासूबाई किंवा मुलगा बरोबर असल्यामुळे संकोच वाटत असेल, तर त्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगायला मला सांगा, ते काम माझं.