घाटातील पिकअप आणि विकतची अश्वशक्ती

केरीहून चोर्ल्याचा घाट चढू लागले, की पहिल्या दोन-तीन वळणांतच मालवाहू पिकअपची परीक्षा सुरू होते. मागे मासळीचे क्रेट, त्यांवर बर्फ, ताडपत्रीखालून निथळणारे खारे पाणी आणि पुढे रखडलेला एखादा ट्रक. चालक दुसरा गिअर टाकतो तो इंजिन गुदमरते. पहिला टाकावा तर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. बेळगावच्या बाजारात माल वेळेवर पोचला नाही तर भाव जातो, आणि बर्फ काही कोणासाठी थांबत नाही. उलट दिशेने टोमॅटो, कोबी, हिरवी मिरची घेऊन ह्याच गाड्या आपल्याकडे उतरतात. गोमंतकाचे स्वयंपाकघर चोर्ला आणि अनमोड ह्या दोन घाटांवर किती अवलंबून आहे हे एखाद्या पावसाळ्यात दरड कोसळली, की दुसऱ्याच दिवशी बाजारात कळते.

अशा पिकअपच्या मालकाला कोणी सांगितले, की काही हजार रुपयांत तुझ्या गाडीची ताकद पाचव्या हिश्श्याने वाढेल आणि घाटात सारखा गिअर बदलावा लागणार नाही, तर तो भुलला ह्यात नवल नाही. इंजिन 'रिमॅप' करून देण्याचा हा धंदा मोठ्या शहरांत हौशी मोटारवाल्यांसाठी सुरू झाला आणि आता पोटासाठी गाडी हाकणाऱ्यांच्या दारी पोचला आहे. पिकअपवाल्याची ही इच्छा चैनीची नाही. त्याच्या हप्त्याची तारीख ठरलेली आहे, खेपेचा दर दुसऱ्याने ठरवलेला आहे. त्याच्या हाती राहतो तो फक्त वेळ. म्हणून ह्या विषयाकडे नाके मुरडण्याऐवजी त्यातले खरे किती आणि खोटे किती हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुन्या डिझेल इंजिनाचे काम सरळ होते. मेस्त्री पंपाचे सील तोडून स्क्रू थोडा फिरवी, डिझेल जास्त जाई, गाडी जोर धरी आणि मागून काळा लोट निघे. आता सिलिंडरमध्ये डिझेल किती, केव्हा आणि किती दाबाने सोडायचे, टर्बोने हवा किती कोंबायची, हे सारे ईसीयू नावाची संगणकाची पेटी ठरवते. तिच्यात कोष्टके साठवलेली असतात. ट्यूनिंग करणारा ती बदलतो. दुसरा स्वस्त प्रकार म्हणजे सेन्सरच्या तारेत मध्येच बसवलेला डबा. तो ईसीयूला डिझेलचा दाब आहे त्याहून कमी असल्याचे खोटेच सांगतो, आणि ईसीयू बिचारा भाबडेपणाने दाब वाढवतो. साधन बदलले, स्क्रू फिरवण्याची वृत्ती तीच राहिली.

चांगल्या हाताने केलेल्या ट्यूनिंगला काहीच अर्थ नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. घाटातील चालकाची खरी तक्रार असते ती पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधील दरीची. अवघड वळणावर वेग पडतो, दुसरा गिअर टाकताच इंजिनाचे फेरे टर्बो भरण्याच्या पातळीखाली जातात आणि गाडी मेल्यासारखी होते. कमी फेऱ्यांतच हवा व डिझेल यांचा मेळ नीट बसवला, तर ती दरी थोडी बुजते आणि गिअर कमी वेळा बदलावे लागतात. अमेरिकेतील मोठ्या पिकअपांत आपोआप बदलणारे गिअर असतात. तेथे गिअर केव्हा पडावा आणि किती घट्ट पकडावा हेही संगणकातून बदलता येते. आपल्या मालवाहू पिकअपांत गिअर बहुधा हातानेच टाकायचे असतात, म्हणून आपल्याकडे 'शिफ्टिंग सुधारले' याचा अर्थ एवढाच, की इंजिन खालच्या फेऱ्यांत अधिक ओढते. पण ह्या जादा ओढीचा भार कोणी सोसायचा? क्लच प्लेटने, गिअरच्या दात्यांनी आणि मागच्या धुरीने. कारखान्याने ओढीवर मर्यादा घातली ती ह्या भागांची कुवत पाहून. ती मर्यादा उठवली, की चार महिने गाडी वाऱ्यासारखी जाते आणि पाचव्या महिन्यात घाटाच्या मध्यावर क्लचचा जळका वास येतो. डिझेल वाढवून हवा वाढवली नाही, तर धूर होतो, टर्बोतून जाणारे वायू प्रमाणाबाहेर तापतात, आणि मग पिस्टन व हेड गॅस्केट यांची पाळी येते.

आता थोडा हिशेब. गाडी आणि माल मिळून ३ टन वजन, १०० मीटरला ८ मीटर चढ आणि ताशी ३० किलोमीटर वेग, असे धरले तर चाकांशी सुमारे ३० अश्वशक्ती लागते. गिअर आणि धुरी यांतील घट धरून ३५ म्हणू. आपल्याकडील दीड टनी पिकअपांचे इंजिन ७५ अश्वशक्तीच्या आसपास असते. म्हणजे योग्य गिअरमध्ये, योग्य फेऱ्यांवर ते पुरून उरते. आता तिच्यावर १ टन माल जादा चढवा. चाकांशी लागणारी शक्ती ३० वरून ४० वर जाते. ट्यूनिंगवाला ज्या १५-२० टक्क्यांचे वचन देतो ते ११ ते १५ अश्वशक्ती भरतात, तेही सर्वाधिक फेऱ्यांवर. म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली बहुतेक शक्ती त्या एका टनाने गिळली! पिकअप दुबळी आहे म्हणून जी ओरड होते, तिच्यातील मोठा भाग हा हौद्यात कुवतीबाहेर रचलेल्या क्रेटांचा आहे, हे कोणी उघड बोलत नाही एवढेच.

आणि जो चढतो त्याला उतरायचेही असते. भाजी घेऊन येणारी ३ टनांची गाडी ७०० मीटर उतरते तेव्हा जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे ६५ लिटर पाणी उकळीच्या बिंदूपर्यंत तापेल. ह्यातील काही भाग इंजिन व टायर शोषून घेतात. उरलेला सगळा ब्रेकच्या ड्रममध्ये आणि डिस्कवर जातो. ट्यूनिंगने इंजिन जोरकस होते, पण ब्रेकचे अस्तर एक दोराभरही जाड होत नाही. चढताना वाढलेल्या जोराच्या भरवशावर जास्त माल घेण्याची सवय जडली, की तोच माल उतारावर चालकाच्या पाठीशी उभा राहतो. जुने चालक सांगत, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर. ही सांगी आजच्या संगणकी इंजिनालाही तितकीच लागू आहे.

धुराचा प्रश्न ह्याहून व्यापक आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ ची मर्यादा लागू झाली. त्यामुळे डिझेल पिकअपच्या नळकांड्यात काजळी अडवणारी गाळणी आली आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा आली. ही गाळणी अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळते. सारखे गल्लीबोळांत थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीत ते नीट होत नाही, दिवा पेटतो, इंजिन जोर आखडते. अशा वेळी गाळणीच काढून टाका आणि संगणकातून तिची आठवणही पुसून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. हे ट्यूनिंग नव्हे. ही चोरी आहे, आणि चोरी होते ती घाटातल्या गावांच्या हवेची. आपल्याकडे डिझेल गाडीची पीयूसी तपासणी म्हणजे धुराची दाटी मोजणे. नायट्रोजनचे ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या तपासणीत मोजलेही जात नाहीत. तेव्हा प्रमाणपत्र खिशात आणि विष फुफ्फुसात, अशी ही सोय आहे.

ह्या वाटेने गेलेला देश कोठे पोचतो हे अमेरिकेने दाखवले आहे. तेथे डिझेल पिकअपची ताकद वाढवण्याचे वेड जुने. २०२० च्या नोव्हेंबरात तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने आपला अंदाज जाहीर केला : आधीच्या सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांतील प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. ह्या गाड्या आपल्या आयुष्यात ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत सोडतील. ९० लाखांहून अधिक धड गाड्या रस्त्यावर आणल्याने जेवढे नुकसान होईल तेवढे हे. आणि दोष एकट्या गॅरेजवाल्याचाच होता असेही नाही. रॅम पिकअपांसाठी इंजिने पुरवणाऱ्या कमिन्स कंपनीवर सरकारने ठपका ठेवला, की २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार गाड्यांत तिनेच तपासणी चुकवणारी योजना बसवली होती. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण २०२३ च्या डिसेंबरात १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. २०१५ सालचे फोक्सवॅगन प्रकरण तर सर्वश्रुत आहे. मोठ्यांनी संगणकातून लबाडी करायची आणि धाकट्यांना स्क्रू फिरवल्याबद्दल दटावायचे, हे पिकअपवाल्याला पटावे कसे?

आमच्या कायद्याची स्थिती पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी शिक्षा आली. कायदा कडक आहे, योग्यही आहे. पण त्याच कायद्यात सीएनजी अथवा एलपीजीचा संच बसवण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे : संच मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला हवा, बसवणारा अधिकृत हवा आणि नोंदणी पुस्तकात त्याची नोंद हवी. इंधनच बदलण्याला जी वाट मिळते ती घाटासाठी तपासलेल्या कोष्टकाला का मिळू नये? कॅलिफोर्नियासारखे कडक राज्यही बाहेरच्या उत्पादकाचे इंजिनावरील साधन तपासते आणि त्याने प्रदूषण वाढत नाही असे सिद्ध झाल्यास त्याला आदेश-क्रमांक देते. पुण्यास ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारखी संस्था आहे. उत्पादकांनीच भरल्या गाडीसह घाट चढण्यासाठी एक वेगळे, तपासलेले कोष्टक तयार करून आपल्या अधिकृत वर्कशॉपमधून द्यावे. क्लच आणि धुरीची हमी त्यांनीच घ्यावी. सह्याद्री काही काल उगवलेला नाही. त्याच्या दोन्ही अंगांस गाड्या विकणाऱ्यांना तो दिसत असलाच पाहिजे.

तोवर पिकअपवाल्याने काय करावे? आमचे सांगणे असे, की नवी शक्ती विकत घेण्याआधी हरवलेली शक्ती शोधावी. तुंबलेली एअर फिल्टर, टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीची बारीकशी चीर, झिजलेले इंजेक्टर, अडकून घासणारा ब्रेक, हवा कमी असलेले टायर : ह्यांतील प्रत्येक गोष्ट थोडी-थोडी ताकद खाते, आणि सगळ्या एकत्र आल्या तर ट्यूनिंगवाला जेवढी देणार असतो तेवढी त्या आधीच घेऊन गेलेल्या असतात. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचे पाणी वेळेवर सोडावे. मासळी वाहणाऱ्या गाडीत खारे पाणी तारांच्या जोडांत शिरते, सेन्सर चुकीचे बोलू लागतात आणि ईसीयू घाबरून जोर कमी करतो. पुष्कळदा दुखणे एवढेच असते आणि औषध म्हणजे जोड साफ करून घट्ट बसवणे. गिअर अडत असेल तर आधी क्लचचे समायोजन, गिअरचे तेल आणि दांडीच्या केबली पाहाव्यात. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकण्याची सवय तर ज्याने त्याने स्वतःच सोडवायची आहे.

ही कामे करणारा मेस्त्री मात्र लॅपटॉप वाचणारा हवा. आमच्या आयटीआयमधून मुले डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. त्यांना कोष्टक म्हणजे काय, बिघाडाचा संकेत कसा वाचावा आणि गाळणी कशी स्वच्छ करावी हे हातात यंत्र देऊन शिकवले जाते का, याची चौकशी शिक्षण खात्याने करावी. अर्धवट शिकलेल्याच्या हाती लॅपटॉप गेला, की तो दुरुस्ती करत नाही, दिवा विझवतो.

आणि भाडे ठरवणारे व्यापारी? जादा माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड असे २०१९ च्या दुरुस्तीने ठरवले आहे. दंड भरतो चालक-मालक. माल चढवायला लावणारा नामानिराळा राहतो. खाणी जोरात होत्या तेव्हा खेपांवर मजुरी ठरल्यामुळे टिपरांची कशी शर्यत लागे हे डिचोली, साखळी आणि कुडचड्याच्या रहिवाशांनी पाहिलेले आहे. २०१२ साली ती शर्यत थांबली ती न्यायालय आणि सरकार यांच्या आदेशाने, कोणाच्या शहाणपणाने नव्हे. मासळी आणि भाजीच्या वाहतुकीत तोच प्रकार लहान चाकांवर होऊ द्यायचा नसेल, तर गोवा आणि कर्नाटक दोघांनी घाटाच्या दोन्ही तोंडांशी चालू स्थितीतले वजनकाटे ठेवावेत, ते पहाटेच्या वेळी उघडे असावेत, आणि काट्याच्या पावतीवर चालकाच्या नावाबरोबर माल पाठवणाऱ्याचेही नाव लिहिले जावे. दंडाची पहिली नोटीस त्या दुसऱ्या नावावर गेली पाहिजे.