हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

या महिन्यात तीनच प्रश्न घेतले आहेत, कारण पहिल्यानेच बरीचशी जागा घेतली. तसाच प्रश्न घेऊन गेल्या वर्षभरात चार-पाच जणी शाळा सुटल्यावर माझ्यासाठी फाटकापाशी थांबल्या होत्या. नेहमीप्रमाणे आधी सांगते, मी वकील नाही, शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येतं म्हणून कॅम्प ४ मधली माणसं माझ्याकडे कागद घेऊन येतात. कागदात काय लिहिलंय आणि कायदा काय म्हणतो एवढं मी सांगू शकते. तुमच्या वतीने कोर्टात उभी राहू शकत नाही.

प्रश्न : आपा, मी अंबरनाथला राहते. माहेर उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये. अब्बांचा इंतकाल होऊन सात महिने झाले. अम्मी आहेत, दोन भाऊ आणि आम्ही तिघी बहिणी. धाकटीचं लग्न व्हायचंय, ती अम्मीजवळच असते. अब्बांनी १९९६ साली स्टॅम्प पेपरवर घेतलेलं घर आहे, खाली राहतात आणि वरची खोली भाड्याने दिली आहे. बँकेत थोडे पैसे आहेत, नॉमिनी मोठे भाईजान. आता ते म्हणतात, रविवारी नोटरीकडे येऊन तिघींनी हक्कसोडपत्रावर सह्या करा. त्यांचं म्हणणं, नॉमिनी मी आहे, घर अब्बांनी मला तोंडी दिलंच होतं आणि तुमच्या लग्नांत तुमचा हिस्सा तुम्हाला मिळाला. सही नाही केली तर माहेर तुटेल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : बहीण, या रविवारी जाऊ नका. तब्येतीचं सांगा, मुलांच्या परीक्षेचं सांगा, पण जाऊ नका. आणि तो कागद मोबाइलवर फोटो काढून मागवा.

तुम्ही कागदाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. तो वाचून दाखवते, कारण त्यातले शब्द सवयीचे वाटतात आणि तिथेच माणूस फसतो. ‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ असं लिहिलंय. म्हणजे उद्या तुम्ही म्हणालात की मला भाग पाडलं, तर तुमचीच सही तुमच्या विरोधात बोलेल. ‘कोणताही मोबदला न घेता’, म्हणजे तुम्हाला एक रुपयाही मिळालेला नाही आणि पुढे मागणारही नाही. आणि ‘माझा व माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही’, म्हणजे तुमच्या मुलांचाही दरवाजा बंद. या तीन ओळींवर तुम्ही सही करायची आहे, भाऊ काय समजावतो त्यावर नाही.

आता हिशोब. सूरह निसाच्या सातव्या आयतीत आई-वडिलांच्या मागे राहिलेल्या मालात पुरुषांचा आणि स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे, माल थोडा असो वा जास्त. अकराव्या आणि बाराव्या आयतीत तो किती ते आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर ती, आणि उरलेल्याची वाटणी. तुमच्या अम्मींचा मेहर अब्बांनी दिलेला नसेल तर तोही कर्जच आहे, वाटणीआधी अम्मींना द्यायचा. हे बहुतेक घरांत कोणी विचारतच नाही.

त्यानंतर अम्मींना आठवा हिस्सा. उरलेल्या सात आठवांशांत मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक वाटा. दोन भावांचे चार वाटे, तीन बहिणींचे तीन, एकूण सात. म्हणजे तुमच्या घरात गणित फार सरळ सुटतं : अम्मी १/८, प्रत्येक बहीण १/८, प्रत्येक भाऊ २/८. सहावीच्या वर्गात मी अपूर्णांक असेच शिकवते, फक्त तिथे भाकरी असते. घराची किंमत समजा सोळा लाख धरली तर तुमचा हिस्सा दोन लाख. (अब्बांचे आई-वडील हयात नाहीत असं धरलं आहे. कोकणातल्या शाफई घरांतही या हिशोबात फरक पडत नाही.)

भाईजानचे तीन मुद्दे एकेक बघू.

नॉमिनी. बँक नॉमिनीला पैसे देते ते बँकेची जबाबदारी संपावी म्हणून. पैसे त्याचे होत नाहीत, त्याने ते वारसांना पोचवायचे असतात. हे आपल्या माणसांना पटत नाही म्हणून एक खटला सांगते. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेल. त्याचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मागे शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून वाद झाला, नॉमिनीचा हक्क मोठा की वारसांचा. मुंबई उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला : नॉमिनी झाल्याने कोणी मालक होत नाही, वारसा ठरतो तो वारशाच्या कायद्यानेच. तुमच्या वाचकांपैकी कोणाचा फ्लॅट सोसायटीत असेल तर तिथेही तेच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो.

तोंडी दिलं. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. मुस्लिम कायद्यात हिबा तोंडीही होतो, नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा सांगितलं आहे. पण हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने दिलं असं जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं, आणि ताबा देणं. बाप-लेक एकाच छपराखाली राहत असतील तर बापाने बाहेर पडायलाच हवं असं नाही, पण आपण मालकी सोडली हे दिसेल असं काहीतरी त्याने करायला हवं. तुम्ही लिहिलंय की वरच्या खोलीचं भाडं अब्बा शेवटच्या महिन्यापर्यंत स्वतः घेत होते आणि वहीत लिहीत होते. मग त्यांनी दिलं तरी काय? ती वही जपा. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो आजच काढा.

लग्नाचा खर्च. मुलीच्या लग्नात वडिलांनी केलेला खर्च वारशातून वजा होत नाही. ना शरीअतमध्ये, ना कोर्टात. भावांच्याही लग्नांत खर्च झाला असेलच. तो कोणी मोजला?

वडील हयात असतानाच मुलीकडून ‘मला काही नको’ असं लिहून घेतात, तेही होतं आपल्याकडे. मृत्यूआधी वारसाहक्कच नसतो, त्यामुळे नुसतं लिहून दिल्याने तो सुटत नाही. मात्र त्या बदल्यात तिने रक्कम घेतली असेल तर पुढे कोर्ट तिला अडवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाचा तसा १९७३ चा निकाल आहे.

आता घराच्या कागदाबद्दल, कारण उल्हासनगरात हे वेगळं प्रकरण आहे. आपलं गाव मूळचं लष्करी छावणीचं, फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव पडलं. ज्यांना जागा मिळाल्या त्यांच्याकडे सनद. पुढे त्या जागा हातोहात विकल्या गेल्या, बऱ्याच नुसत्या स्टॅम्प पेपर आणि कुलमुखत्यारपत्रावर. अशा कागदाने मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावलं आहे. म्हणजे अब्बांकडे जेवढा हक्क होता तेवढाच सगळ्यांमध्ये वाटला जाईल. पण भाईजान पुढे मूळ सनदवाल्याकडून एकट्याच्या नावाने खरेदीखत करून घेतील किंवा बांधकाम नियमित करण्याचा अर्ज एकट्याच्या नावाने देतील, तर तुमची अडचण वाढेल. (उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला २००६ साली खास कायदा झाला होता, तो तुम्हाला ठाऊक असेल.) म्हणून असा कुठलाही अर्ज सगळ्या वारसांच्या नावाने जावा असं आत्ताच लेखी कळवा. मालमत्ता कराची पावती किंवा विजेचं बिल भाईजानच्या नावावर झालं म्हणून घाबरू नका, त्याने मालकी ठरत नाही.

हक्कसोडपत्र घराबद्दल असेल तर त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. नोटरीच्या शिक्क्याने घराचा हक्क सुटत नाही. पण म्हणून ‘नोटरीचंच आहे, करून टाकू सही’ असं म्हणू नका. तोच कागद नंतर तुमच्या तोंडावर धरला जातो. ज्यांनी दबावाखाली किंवा फसवणुकीने आधीच सही केली आहे त्यांनी, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, कागद रद्द करण्याचा दावा लावायला हवा. त्यानंतर फार कठीण होतं.

माहेर तुटेल, ही तुमची खरी भीती. त्यावर माझं मत सांगते, पटलं तर घ्या. माझ्या अम्मींनी नानांच्या घरावर सही केली तेव्हा मी नववीत होते. मामूंनी साडी दिली, जेवू घातलं. माहेर टिकलं का? ईदला जाणं-येणं राहिलं, पण अम्मी त्या घरात पुन्हा कधी मोकळ्या बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. म्हणून मी बायकांना सांगते, माफ करायचं असेल तर जरूर करा, तो तुमचा अधिकार आहे. पण आधी हिस्सा मान्य होऊ दे, कागदावर तुमच्या नावापुढे आकडा लिहिला जाऊ दे. जे कधी तुमचं मानलंच नाही ते तुम्ही माफ काय करणार?

मधला रस्ताही आहे. घर विकायची गरज नाही, अम्मी आणि धाकटी तिथे राहतात. भावांनी तुमचे हिस्से हप्त्यांनी विकत घ्यावेत, पैसे पूर्ण मिळाल्यावर तुम्ही नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं, त्यात मोबदल्याचा आकडा असावा आणि अम्मींचा मरेपर्यंत राहण्याचा हक्क लिहिलेला असावा. तोवर वरच्या खोलीचं भाडं हिश्शाप्रमाणे वाटावं, किंवा सगळं अम्मींना द्यावं. लहान भावालाही हे सांगून बघा. मोठ्याच्या नावाने सगळं झालं तर त्याचाही पाव हिस्सा जातोय, हे त्याच्या लक्षात आलं आहे का?

नाहीच ऐकलं तर वाटणीचा दावा. त्याआधी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक. समिती दावा लावण्याआधी दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचाही प्रयत्न करते. भावांना नोटीस गेली की बिरादरीत बोभाटा होईल या काळजीने बायका थांबतात, त्यांच्यासाठी ही जागा बरी आहे.

एक जुनी गोष्ट जाता जाता. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन मुलींनी बापाच्या मालात कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला होता. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी नाही म्हटलं. कारण दिलं ते असं की या जमातींची रूढी मुलींना हिस्सा न देण्याची आहे, आणि रूढी चालेल. ती रूढी बाजूला सारून मुस्लिमांच्या वारशाला शरीअत लावणारा कायदा यायला १९३७ उजाडलं. तुमचे भाईजान आज जे मागताहेत ती १८४७ चीच रूढी आहे, फक्त नोटरीच्या शिक्क्यासकट.

प्रश्न : माझे शोहर दोन वर्षांपूर्वी वारले. सासरे हयात आहेत, दोन दीर आहेत. लोक म्हणतात माझ्या मुलांना दादांच्या मालमत्तेत काही मिळणार नाही. खरं आहे का?

उत्तर : सासऱ्यांच्या मागे त्यांचे इतर मुलगे हयात असतील तर, होय, आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना वारसाने हिस्सा येत नाही. पण सासरे हयात आहेत, त्यामुळे अजून दोन दरवाजे उघडे आहेत. नातवंडं वारस नसल्याने त्यांच्या नावे ते एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकतात, तिला दिरांची संमती लागत नाही. किंवा आजच हिबा करून ताबा देऊ शकतात, त्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. मात्र शेवटच्या आजारात केलेला हिबा वसीयतीसारखाच धरला जातो, म्हणून तब्येत बरी असताना करावा. वसीयत साध्या कागदावरही चालते, पण नोंदवून घ्या. सासऱ्यांना हे तुम्ही सांगायला संकोच वाटत असेल तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाकडून किंवा मौलानांकडून सांगा. आणि शोहरच्या स्वतःच्या कमाईत, बँकेत, फंडात तुमचा आणि मुलांचा हिस्सा आहेच, तो वेगळा.

प्रश्न : विठ्ठलवाडी स्टेशनजवळ खोली भाड्याने घेतली, अकरा महिन्यांचा करार नोटरी केला. आता मालक म्हणतो डिपॉझिट पन्नास नव्हे, तीसच हजार दिलं होतं.

उत्तर : अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, न केल्यास शिक्षाही त्यालाच. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. तरी तुमच्या नोटरीच्या कागदात आकडा काय लिहिलाय ते आधी बघा. तिथे तीस लिहिलं असेल आणि तुम्ही न वाचता सही केली असेल, तर बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद शोधा.

पुढच्या अंकात शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि निकाहनाम्यावर नाव तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं असेल तर काय करायचं ते घेऊ. प्रश्न पाठवताना कागदाचा फोटो सोबत जोडा, पण त्यावरचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक झाकून.