कर्ज आपले, निवडही आपलीच!



पऱ्हाटी शेतात राहिली की गुलाबी बोंडअळी मुक्कामाला. ती उचलायला लोडरला पंजा लावू म्हटले, तर विक्रेता सांगतो, 'जितका जड, तितका दणकट.' हा हिशेब त्याच्या गल्ल्याचा! लोडर ८०० किलो उचलतो आणि पंजाच ३०० किलोचा, तर मालाला उरले ५०० किलो. पऱ्हाटी हलकी, पण फुगीर. तिला मोकळ्या दातांचा, रुंद उघडणारा, हलका पंजा हवा. माती दातांतून गळून जाते. बंद बादलीचा पंजा मातीही वाहतो. पंजा उघडमीट करायला तेलाची जादा लाईन लागते, मागे तोलाला वजन लागते. हा खर्च कोण सांगणार? वजनाचे आकडे लेखी मागा. देत नसेल, तर सही करू नका!