जागा निघाली, पण किती महिन्यांची?

ग्रुपवर पीडीएफ येते, ‘जेआरएफ पाहिजे’. दरमहा ३७ हजार, वर घरभाडं. लगेच चार जण ती पुढे पाठवतात. पण पीडीएफ शेवटपर्यंत वाचतं कोण? तिथे लिहिलेलं असतं : जागा निव्वळ तात्पुरती, प्रकल्प संपला की नेमणूक संपली, मुलाखतीला येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही.

मुळात ‘जेआरएफ’ हा एकच शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि घोळ तिथेच होतो. नेट देऊन मिळवलेली जेआरएफ तुमच्या नावावर असते. पहिली दोन वर्षं ३७ हजार, मग एसआरएफ झालात की ४२ हजार, सगळी मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. इतिहासवाल्याला तेच आणि केमिस्ट्रीवाल्यालाही तेच. प्रकल्पातली जेआरएफ मात्र सरांना किंवा मॅडमना मिळालेल्या निधीवर चालते. प्रकल्प तीन वर्षांचा आणि तुम्ही अडीच वर्षं उलटल्यावर रुजू झालात, तर तुमच्या वाट्याला उरले सहा महिने. त्यातून पीएचडीची नोंदणी होईलच, याचीही खात्री नाही.

मग अशी नोकरी धरूच नये का? मला तसं वाटत नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं घालवण्याआधी हे काम आपल्याला झेपतं का, हे सहा महिन्यांत कळत असेल तर सौदा वाईट नाही. फक्त हो म्हणण्याआधी तोंड उघडा. प्रकल्पाचे किती महिने उरलेत? निधीचा पुढचा हप्ता आलाय का? आपण केलेल्या कामावर पेपर निघाला तर त्यात आपलं नाव असेल का? असं विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे आपल्या डोक्यात कुणी घातलंय कोण जाणे.

आर्ट्सच्या मुलांचं दुखणं वेगळं. संशोधनातली नोकरी म्हणजे लॅब, असं समजून ती शोधायलाच जात नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे. असा कोश एकट्यादुकट्याने होत नाही, त्याला संस्कृत येणारी माणसं लागतात. आयसीएसएसआरच्या निधीवरच्या प्रकल्पांना रिसर्च असिस्टंट लागतात, गावोगाव फिरून माहिती गोळा करणारे लागतात. पण ही जाहिरात कित्येकदा विभागाच्या नोटीस बोर्डावर लागते आणि तिथेच पिवळी पडते. मग जागा जाते कुणाला? जो रोज त्या बोर्डासमोरून जातो त्याला. याला खुली निवड म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

तीच गत वॉक-इनची. पुण्यात राहणारा सकाळी बसने येतो. नांदेडची, गडचिरोलीची मुलगी रात्रभर प्रवास करते, तिकीट स्वतःच्या खिशातून काढते, रजा टाकते आणि दहा मिनिटांत बाहेर येते. नाही झालं सिलेक्शन, तर पुढच्या वॉक-इनला ती येईल का? पहिली फेरी ऑनलाइन घ्यायला संस्थांना नेमकी अडचण काय आहे? कोविडच्या काळात घेतल्याच होत्या की!